एक बोट माया

शनिवारी सकाळी शिलाईच्या दुकानावर ‘आज बंद’ ही पाटी दिसली, तेव्हाच मास्तरांच्या बायकोच्या मनात पाल चुकचुकली. सव्वीस वर्षांत मास्तरांनी आजारपणातसुद्धा दुकान बंद ठेवलं नव्हतं. एकदा तर अंगात ताप असताना कपाळावर ओली पट्टी ठेवून त्यांनी बँडवाल्यांचे अकरा कोट शिवून दिले होते. ती तशीच मागच्या गॅरेजकडे गेली. तिथे मास्तर गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. गळ्यात टेप, कानामागे खडू.

“अहो, हे काय चाललंय?”

“गाडीची उंची वाढवतोय.”

“पॅन्ट आहे का ती?”

मास्तरांनी खोक्यातून काळ्या, जाडजूड चार चकत्या काढून दाखवल्या. “या स्प्रिंगच्या डोक्यावर बसवायच्या, की गाडी वर. दोन तासांचं काम. व्हिडिओतला माणूस तर गाणं म्हणत करतो.”

“तो मिस्त्री असेल.”

“मीही कारागीरच आहे. आपला मिस्त्री मंगळवारी ये म्हणतो. मंगळवारी उंची वाढवून मी काय तिच्यावर बसून पतंग उडवू?”

रविवारीच टेकडीवर का जायला हवं, हे बायकोलाही ठाऊक होतं. मास्तरांच्या आईची थोरली बहीण तिथल्या घरात एकटी राहायची. सोमवारी तिचा मुलगा येऊन तिला कायमची आपल्याकडे नेणार होता, दोन दिवसांच्या वाटेवर. मावशीचं वय ब्याऐंशी, आईचं अठ्ठ्याहत्तर. पुन्हा भेट कधी, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मास्तर आईला घेऊन निघाले होते, तेव्हा शेवटच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध वर आलेल्या खडकावर गाडीचं पोट अडकलं. आईच्या गुडघ्यांना पुढचा चढ झेपणारा नव्हता आणि मावशीला खाली उतरवणारं कुणी नव्हतं. मग एक बहीण वळणावर आणि एक वर घराच्या ओट्यावर, अशा दोघी दहा मिनिटं एकमेकींना रुमाल हलवत राहिल्या आणि गाडी उलटी फिरली. परतताना आई एक अक्षर बोलली नाही. मास्तरांना ती गप्प बसलेली आई तेव्हापासून डाचत होती.

मोठी गाडी भाड्याने घ्यावी, तर परक्या गाडीत आईला पहिल्या चौकातच मळमळायला लागे. तेव्हा गाडी हीच, फक्त वर हवी होती. मास्तरांनी वळणावर जाऊन खडकाचं माप आणलं होतं, गाडीच्या पोटाचं माप घेतलं होतं. दीड बोट कमी पडत होतं. दीड बोटाच्या चकत्या मिळतही होत्या. पण शिंप्याचा हात तो! कापड कापताना एक बोट माया सोडायची, नंतर सैल करावं लागलं तर पंचाईत नको, ही हाताला लागलेली सवय. मास्तरांनी अडीच बोटांच्या चकत्या मागवल्या.

खुर्ची टाकून दारात बसलेल्या आईने सगळं ऐकून घेतलं. मास्तरांना कात्री धरायला तिनेच शिकवलं होतं.

“सगळी मापं घेतलीस का रे?”

“घेतली, आई.”

“गळ्याचं?”

“गाडीला कुठला गळा?”

“तू पहिला सदरा शिवलास तेव्हाही असंच म्हणाला होतास. छाती बरोबर, बाही बरोबर. डोकं आत जाईना.”

“आई, चाळीस वर्षं झाली त्याला!”

“डोकं तेच आहे,” आई म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

काम मात्र मास्तरांनी झकास केलं, हे कबूल करायलाच हवं. जॅक लावून गाडीखाली टेकूला लोखंडी घोड्या ठेवल्या, हलवून हलवून खात्री केली. प्रत्येक बोल्टवर खडूने खूण केली. सुटे नट बटणांच्या डब्यांत गेले. ‘पुढचं डावं’, ‘पुढचं उजवं’ अशा चिठ्ठ्या लागल्या. टाचण्या ओठांत धरायची सवय असल्यामुळे वॉशर ओठांत जात होते, त्यामुळे बायकोने जेवायला कधी येता विचारलं तेव्हा नुसतं “हं” आलं. गंजलेल्या एका बोल्टने दीड तास खाल्ला. दोन तासांचं काम संध्याकाळी पाचला संपलं. आधी सगळे नट हलक्या हाताने आवळून, म्हणजे कच्चा टाका घालून, मग गाडी चाकांवर उतरवल्यावर मास्तरांनी पक्की शिलाई मारली. एकही नट उरला नाही. गाडी अशी ताठ उभी राहिली, की नव्या बुटांतला माणूस वाटावा.

“बघ!” मास्तर म्हणाले.

“छान झालीय हो,” बायको म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं.

एक चक्कर मारून बघू म्हणून मास्तर गाडीत बसले आणि मागे घेऊ लागले. टण्ण! छपरावरची एरियल शटरच्या पेटीला लागली होती. “एवढंच ना,” म्हणत त्यांनी एरियल फिरवून काढली. पुन्हा मागे. या वेळी टण्ण झालं नाही, ‘खर्रर्र’ झालं. मास्तर उतरले. टेप काढला. गॅरेजचं दार मोजलं, गाडी मोजली, पुन्हा दार मोजलं. टेपने खोटं बोलावं अशी त्यांची फार इच्छा होती. आधी छपराच्या वर दोन बोटं जागा होती. गाडी चढली होती अडीच बोटं.

“गळा,” आई दारातून म्हणाली. बाकी काही बोलली नाही.

आपल्या मूर्खपणाचं माणसाला हसू येतं, पण ते चार-पाच वर्षांनी. त्या क्षणी मास्तर गाडीच्या चाकाशी बसले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर वळणावरचा तो रुमाल हलायला लागला. उंची काढावी, तर गॅरेजमधून सुटका, पण खडकावर अडकणार. उंची ठेवावी, तर गाडी टेकडी चढेल, पण गॅरेजातून निघणार नाही.

रविवारी सकाळी सातला बायकोने आपल्या भावाला बोलावून घेतलं. मास्तरांच्या या मेहुण्याचं वजन एकशे दहा किलो होतं आणि सल्ल्यांचं वजन त्याहून जास्त. बोलणं ऐकून शेजारचे बेकरीवाले काकाही आले. रविवारी त्यांची भट्टी बंद असायची, त्यामुळे दुसऱ्यांच्या कामात लक्ष घालायला त्यांना आठवड्यातून तेवढाच दिवस मिळायचा.

“दाजी, शटरच कापू,” मेहुणा म्हणाला.

“कापू की. आणि घरात राहायचं कुणी, चोरांनी?” बायको म्हणाली.

“चाकांतली हवा काढा, मास्तर. गाडी आपोआप बसेल,” बेकरीवाले म्हणाले.

“आणि भरायची कशाने?” बायको म्हणाली. “टायरवाल्यापर्यंत बसक्या चाकांवर जायचं का? घरच्या पंपाचा पाइप वर्षभर फाटलाय. हे शिवून देणार होते.”

मास्तरांनी मान खाली घातली. तेवढ्यात आईचा आवाज आला. “अरे, कापड फुगून आलं की शिंपी काय करतो?”

“इस्त्री करतो,” मास्तर सवयीने म्हणाले.

“म्हणजे काय करतो?”

“दाबतो,” असं म्हणता म्हणता मास्तरांची नजर मेहुण्यावर गेली, तिथून बेकरीवाल्यांच्या पोटावर गेली आणि तिथेच थांबली. दोघांनाही ती नजर ओळखीची वाटली नाही, आणि आवडलीही नाही.

आधी दुकानातलं जुनं लोखंडी मशीन डिकीत चढलं. मग मागच्या सीटवर मेहुणा आणि बेकरीवाले शेजारी शेजारी बसले. गाडीने मोठा उसासा टाकला आणि मागून चांगली खाली गेली. पण मागून बसली तशी पुढून नाक वर करून राहिली. बायको स्टुलावर चढून शटरकडे बघत होती.

“मागचं निघेल हो. पुढचं अजून घासेल. दोऱ्याएवढं.”

“मी श्वास सोडू का?” बेकरीवाल्यांनी विचारलं.

“मला बसवा पुढे,” आई म्हणाली.

“आई, तुझं वजन ते केवढं! चाळीस किलो.”

“दोऱ्यापुरतं पुरेल.”

गाडी आता उंच झाली होती, आईचा पाय पोचेना. मास्तरांनी दुकानातलं बुटकं लाकडी स्टूल आणून दाराशी ठेवलं. त्यावर पाय देऊन, मुलाच्या खांद्याला धरून, आई पुढच्या सीटवर बसली. मास्तरांनी ब्रेक सैल केला. गाडी तसूतसूने मागे सरकू लागली. चौघेही माना खाली घालून बसले होते, जणू शटर त्यांच्याच डोक्याला लागणार होतं. “या… या… या…” बायको म्हणत राहिली, आणि मग एकदम ओरडली, “निघाली!”

रस्त्यावर आल्यावर मशीन उतरवलं. माणसं मात्र उतरेनात.

“संध्याकाळी गाडी आत घालायला आम्ही लागूच ना?” मेहुणा म्हणाला.

“आणि बसलोच आहे तर…” बेकरीवाले म्हणाले.

ज्यांच्या जिवावर गाडी निघाली त्यांना उतरा कसं म्हणायचं? बायको त्या दोघांच्या मधे उरलेल्या वीतभर जागेत बसली, स्टूल मांडीवर घेतलं, आणि वाटेत टायरवाल्याकडे चाकं सरळ करून घेऊन मंडळी टेकडीला लागली. मास्तरांची छाती फुगली होती. वळण आलं. खडक आला. समोर ओट्यावर एक पांढरी आकृती उभी होती, तिच्या हातात रुमाल होता.

“आता बघ हं, आई,” मास्तर म्हणाले.

खर्रर्र.

गाडी थांबली. खडक तोच, जागा तीच, आवाजसुद्धा तोच. वरून मावशीने रुमाल हलवायला सुरुवात केली. तिला वाटलं, याही वेळी एवढंच.

“एवढं सगळं करून…” मास्तर म्हणाले. “आई, माझं मापच चुकलं गं.”

“तुझं माप बरोबर आहे,” बायको दोघांच्या मधून कशीबशी म्हणाली. घाबरली की ती त्यांना अहो म्हणायला विसरत असे. “माप घेतलंस तेव्हा आपण तिघं धरली होतीस. आज पाच आहोत!”

मेहुणा दार उघडून उतरला. गाडी वर आली. दुसऱ्या बाजूने बेकरीवाले उतरले. आणखी वर आली. बायकोही स्टूल सीटवर ठेवून उतरली, “माझं नको उगाच ओझं,” म्हणत. तिघं रस्त्याच्या कडेला उभे राहून गाडीच्या पोटाखाली वाकून बघू लागले. आईनेही दाराच्या कडीला हात घातला.

“मीही उतरते. अजून हलकी होईल.”

“तू बस,” मास्तर म्हणाले. “तूच उतरलीस तर मी वर कुणाला नेऊ?”

गाडी खडकावरून गेली. खाली एक बोट जागा राहिली, असं बेकरीवाल्यांनी नंतर सगळ्या गल्लीला बोट दाखवून सांगितलं. ओट्यावरचा रुमाल हलायचा थांबला. मावशी तो डोळ्यांना लावून उभी होती. आई स्टुलावर पाय देऊन उतरली, दोन पायऱ्या चढली, आणि दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून बसल्या. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. सहाव्या मिनिटाला लहानपणी निळा फ्रॉक कुणी फाडला यावरून त्यांचं कडाक्याचं भांडण सुरू झालं. तोवर चढ चढून आलेले तिघं धापा टाकत पायरीवर बसले होते. मास्तर त्या भांडणाकडे बघत नुसते हसत होते.

ऊन उतरायला लागल्यावर निघायची वेळ आली. मावशीच्या मुलाची गाडी याहून उंच आहे, हे कळल्यावर कुणी न मागताच आईने बुटकं स्टूल आपल्या ताईच्या दाराशी ठेवलं. “उद्या चढताना पाय दे यावर,” म्हणाली. ताईने नको म्हटलं नाही.

मग आई आपल्या गाडीपाशी आली आणि तिने पाय उचलला. पोचला नाही. पुन्हा उचलला. एक बोट कमी पडत होतं. एकदा दिलेलं स्टूल घटकाभरासाठी मागतानाही आईचा जीव तुटला असता, आणि ती तर मागे वळूनही बघत नव्हती. मास्तरांनी तिला उचलून बसवायला हात पुढे केले.

“थांबा, दाजी,” मेहुणा म्हणाला.

तो मागच्या सीटवर जाऊन बसला. त्याच्या मागोमाग बेकरीवाले बसले. बायको मधे घुसली. गाडी हळूच खाली आली, आणि आईने आपल्या पायाने, कुणाचाही हात न धरता, आत पाऊल ठेवलं. ती नीट टेकून बसल्यावर तिघं उतरले, दारं लावली, आणि वळणाच्या खडकापलीकडे गाडीच्या पुढे पुढे चालत गेले.