साकवावरची शेळी

इस्माईलचा सगळा राग त्या पिशवीवर होता. निळ्या कापडाची, वर पिवळ्या रंगात 'पुस्तकपिशवी' असं रंगवलेली. दर आठवड्याला ती शाळेतून एका मुलाच्या घरी जायची. आत गोष्टीचं एक पुस्तक असायचं, ते घरच्यांनी मुलाला वाचून दाखवायचं. इथवर ठीक होतं. पण या वेळी सरोजबाईंनी नवीन टूम काढली होती. आया वाचतातच, आता वडिलांनी वाचायचं, आणि शनिवारी शाळेत येऊन मुलासोबत ती गोष्ट सगळ्यांना सांगायची.

"मी कधी बाईंना माझा ट्रक धुवायला बोलावलंय?" इस्माईल बायकोवर ओरडला. "शिकवायचं काम त्यांचं. तेपण आम्हीच करायचं, तर शाळा उघडलीय कशाला?"

"एवढंसं तर पुस्तक आहे," सलमा म्हणाली. "पोरगी रोज वाट बघते."

"मला काय दुसरे धंदे नायत?"

धंदे होते. महाडात इस्माईलचा ट्रान्सपोर्टचा धंदा बरा चालत होता. पण खरं दुखणं वेगळंच होतं. मालाची बिलटी, म्हणजे पावती, तो झरझर वाचायचा, गाड्यांचे नंबर तोंडपाठ होते. सलग वाक्य मोठ्याने वाचायची वेळ आली की मात्र त्याची जीभ अडखळायची. सहावीत उभं राहून धडा वाचताना त्याला अख्खा वर्ग हसला होता. तेव्हापासून त्याने मोठ्याने फक्त ओरडायचं ठरवलं होतं. हे सलमालाही माहीत नव्हतं. आणि दुसरीतल्या माहरुखला तर आपले अब्बू जगातले सगळ्यात हुशार वाटायचे. तिला हे कळणं म्हणजे इज्जतीचा पंचनामाच.

म्हणून सोमवारी त्याचं डोकं दुखलं. मंगळवारी डोळे दुखले. बुधवारी चष्मा सापडेना, जो त्याने आयुष्यात कधी घेतलाच नव्हता. गुरुवारी तो जेवायलाच उशिरा आला.

शुक्रवारी सकाळी पाईप भरलेला ट्रक दारात उभा होता आणि ड्रायव्हर महिपती ओट्यावर चहा पीत होता. इस्माईलने इकडेतिकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि केबिनमध्ये सीटच्या मागे कोंबली. हरवली म्हणजे हरवली. न राहे बांस, न बजे बांसुरी. ट्रक चिपळूणच्या दिशेने निघून गेला आणि इस्माईलने आठवड्यात पहिल्यांदा पोटभर नाश्ता केला.

संध्याकाळी माहरुखने पिशवी शोधायला घेतली. मग सलमाने घेतली. गाद्या उलट्या झाल्या, तांदळाचा डबासुद्धा उघडून झाला. सगळ्यात मोठा आवाज इस्माईलचा होता.

"या घरात वस्तू जागेवर राहतच नाय," तो गरजला. "पोरीचं पुस्तक सांभाळता येत नाय कुणाला?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माहरुख कोपऱ्यात बसून मुसमुसू लागली. ते रडणं काही इस्माईलच्या हिशेबात नव्हतं, म्हणून तो आणखी चिडला.

तेवढ्यात सलमाला मागच्या पडवीत कागदाचे तुकडे दिसले. शेजारच्या रिझवानाच्या शेळ्या त्या पडवीत नेहमी घुसायच्या. सलमा पदर खोचून कुंपणाशी गेली.

"रिझवाना, तुझ्या शेळीने शाळेचं पुस्तक खाल्लंय."

"माझी शेळी?" रिझवाना हातातली पातेली घेऊनच बाहेर आली. "माझी शेळी दिवसभर खुंट्याला बांधलेली हाय. तुझ्या घरातला पसारा तूच खाल्ला असशील."

"काल माझी कढीपत्त्याची फांदी कुणी खाल्ली मग?"

"कढीपत्ता खाल्ला म्हणून पुस्तक पण खाईल? ती काय शाळेत जाते?"

दोघी भांडत भांडत इस्माईलच्या ओटीवर आल्या, मागोमाग शेळीही आली. सलमाने तिचा कान धरून तोंड उघडायचा प्रयत्न केला. "हो बाजूला," रिझवाना ओरडली. "इस्माईलभाई, बायकोला आवरा. मुक्या जिवावर खोटा आळ घेताय, वर बघणारा बघतोय."

वर बघणाऱ्याचं नाव निघाल्यावर इस्माईलला घाम फुटला. त्याच वेळी त्याचा फोन वाजला. घाईत भलतीकडे बोट लागलं आणि स्पीकर चालू झाला.

"शेठ, महिपती बोलतोय," आवाज ओटीभर घुमला. "पोलादपूरच्या पुढं कशेडीला दरड आलीय. सकाळपासनं लायनीत अडाकलोय, आत्ता कुठं रेंज आली. आन् तुमी सकाळी सीटच्या मागं पोरीची पिशवी ठेवलीत, ती तशीच हाय बघा. कुठं द्यायची व्हती?"

सलमाने शेळीचा कान सोडला. शेळीसुद्धा चघळायची थांबली. रिझवानाने पातेली खाली ठेवली, कारण आता हात मोकळे असणं बरं.

"तुम्ही ठेवलीत?" सलमाने विचारलं. आवाज हळू होता, म्हणून इस्माईल जास्त घाबरला.

"कामाच्या गडबडीत, चुकून."

"आणि मी इथे शेळीचे दात मोजतेय." सलमाने फोन त्याच्या हातातून ओढून घेतला. "महिपतीभाऊ, गाडी उभी आहे ना? मग पुस्तक काढा आणि वाचा. उद्या शाळेत ह्यांना गोष्ट सांगायचीय."

"मी वाचू?" महिपती चाचरला. "वैनी, माजं वाचन म्हंजे घाटातला ट्रक हाय."

"चालेल. वाचा."

महिपती वाचू लागला. एका गावात ओढ्यावर एक लाकडी साकव होता. त्यावरून एक शेळी चालली होती. मध्येच ती थांबली आणि खाली बसली. इतकं वाचायला त्याला बराच वेळ लागला. जोडाक्षर आलं की तो पहिल्या गिअरमध्ये यायचा, मागे जायचा, पुन्हा चढायचा.

"नीट वाच ना रे," इस्माईल खेकसला.

"शेठ, तुमी मधी बोलू नका. हितं धा जण ऐकतायत."

खरंच, मागून बाकीच्या ड्रायव्हरांचे आवाज येत होते. "फुडं वाच रे, उठली का ती?" गोष्टीतली शेळी उठत नव्हती. मागे गाववाले खोळंबले होते. पाटलाने काठी आपटली, सावकाराने शिव्या घातल्या. रिझवाना चिडून म्हणाली, "मेल्यांनो, मारता कशाला तिला?" माहरुखचं रडणं कधीच थांबलं होतं.

"मग एक छो-टी मुलगी फुडं आली. ती शेळीच्या कानात म्हन्..." आणि फोनमध्ये एकदम हॉर्नचा गदारोळ उठला. "शेठ, लाईन सुटली. ठेवतो."

"अरे, थांब," इस्माईल ओरडला. फोन बंद झाला होता. त्याने सलमाकडून फोन घेऊन पुन्हा लावला, पुन्हा लावला. महिपती कशेडीच्या बोगद्यात शिरला असणार, रेंज कुठली यायला.

"कानात काय म्हणाली?" रिझवानाने रागाने विचारलं, जणू गोष्ट इस्माईलनेच तोडली होती.

"मला माहीत आहे," माहरुख म्हणाली. "मी सोमवारीच वाचलं."

"मग सांग ना गो," इस्माईल म्हणाला. "आणि वाचलं होतंस, तर रडत कशाला होतीस?"

"तुम्ही वाचणार होता." तिने हाताची घडी घातली. "मी नाय सांगणार."

इस्माईल ओटीवर फेऱ्या मारू लागला. पिशवीवर चिडून झालं होतं, बाईंवर झालं होतं, दरडीवर झालं होतं. चिडायला आणखी कुणी उरलं नव्हतं. तो माहरुखसमोर उकिडवा बसला.

"मला नीट वाचता येत नाय," तो पुटपुटला. "मी अडखळतो. लोक हसतात."

माहरुखने हाताची घडी सोडली. "महिपतीचाचा पण अडखळला. कोण हसलं?"

फोन किणकिणला. बोगद्यापलीकडून महिपतीने उरलेल्या पानांचे फोटो पाठवले होते. माहरुखने इस्माईलच्या खिशातून फोन काढून त्याच्या हातात ठेवला आणि शेजारी टेकून बसली. सलमा उंबऱ्यावर बसली. रिझवाना जायला तयार नव्हती.

इस्माईलने घसा खाकरला. "मु-लगी म्ह... म्हणाली, तू रा-गावलीस का? शेळी म्ह-णाली, मी कुठे रागावलेय? मला भी-ती वाटतेय. फ-टीतून खाली पाणी दिसतंय."

तो थांबला. सलमा त्याच्याकडे बघत होती. त्याने पटकन नजर पुन्हा फोनकडे वळवली. पुढचा शब्द लांबलचक आणि जोडाक्षरांनी भरलेला होता. तो एकदा अडला, दुसऱ्यांदा अडला. कुणी हसलं नाही. फक्त रिझवानाची शेळी मोठ्याने ओरडली.

इस्माईलने तिच्याकडे खाऊ का गिळू असं पाहिलं आणि तो शब्द पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.