उताणी वाटी

कल्याणच्या अपिलाची सुनावणी स्वयंपाकघरात झाली, कारण मंठ्यातल्या त्या घरात इंटरनेट तेवढ्याच कोपऱ्यात येई. तेही शेजारच्या फरजानाचाचींचं, भिंतीपलीकडून झिरपलेलं.

दोन संगणकांनी एकमेकांना हाकही न मारता, एकाच सामायिक स्मृतीत लिहून-वाचून संवाद साधावा, ही त्याची कल्पना. एकाकी माणसालाच सुचावी अशी. पेटंट कार्यालयाने ती ‘पूर्वज्ञात’ ठरवली होती. एका परदेशी पेटंटात म्हणे ती आधीच होती. आणि वडिलांनी, कारभारींनी, बजावलं होतं, "अपील हारलास, तर सोमवारपासून बियाण्याच्या दुकानात बसायचं. बराबर?"

"आई, मधी बोलू नको."

"मी कशाला बोलू? मी तर भाकरी करून राह्यले," पुष्पाबाई म्हणाल्या.

पडद्यावरचे न्यायमूर्ती थकलेले होते. "साध्या भाषेत सांगा."

कल्याणची भित्री नजर फिरत फिरत दोन्ही घरांच्या मधल्या आरपार कोनाड्यावर स्थिरावली. "साहेब, समजा, भिंतीत एक कोनाडा आहे. वाटी उताणी असली, तर आत काहीतरी ठेवलंय. उपडी असली, तर घेतलंय. कुणी कुणाला हाक मारत नाही. ज्याने त्याने येऊन बघायचं."

"परदेशी पेटंटात हाक आहे?"

"आहे, साहेब. माझ्यात बिलकुल नाही."

"मग तुमची कल्पना वेगळीच आहे की!"

कल्याणच्या आयुष्यात इतकं कोवळं ऊन कधी पडलं नव्हतं. तेवढ्यात कोनाड्यातून बांगड्यांचा एक हात आला आणि वाटी उताणी ठेवून गेला. पुष्पाबाईंनी आतली चटणी काढून घेतली, वाटी उपडी केली.

न्यायमूर्ती पुढे झुकले. "बाई, हे कधीपासून चालतं?"

"हा पोटात व्हता तव्हापासून, साहेब!"

"उसके भी पहले से, जी!" कोनाडा बोलला. "और वाटी उपडी करने का आयडिया मेरा था।"

"तुमचं कसं? मीच सांगितलं व्हतं की!"

"झूठ न्हाई बोलना, पुष्पाबाई!"

निकाल त्याच दुपारी आला. परदेशी पेटंटाची अडचण नाही. अर्जदाराच्या मातोश्रींची आहे. अपील फेटाळलं.

दिवेलागणीला कल्याण कोनाड्यापाशी आला. उताण्या वाटीत शेवयांची खीर होती. आपलं काहीतरी चुकलं, असं पलीकडच्या घरालाही वाटलं असावं. त्याने ती उभ्याउभ्या, डोळे मिटून खाल्ली. आणि दुःखाच्या भरात वाटी उताणीच ठेवून दिली.

पलीकडून चाचींनी एकदा बघितलं. दोनदा बघितलं. शेवटी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी आरोळी आली,

"अरे कल्याण! खीर खाया के न्हाई?"

कल्याण दचकला. हाक मारावीच लागली होती.

त्याने मुकाट्याने वाटी उपडी केली आणि वडिलांकडे दुकानाची किल्ली मागायला गेला.