पाहुण्यांचं टोकन

शेषेरावांच्या मनस्विनीचं लग्न आठ दिवसांवर आलं आणि मोबाइलवर निमंत्रणं पाठवायचं काम मुकुलच्या गळ्यात पडलं. शेषेरावांची उदगीरला डाळ मिल. तूर आणणाऱ्या शेतकऱ्यांना रांगेच्या टोकन नंबरचा मेसेज धाडणारा त्यांचा प्रोग्रॅम लातूरच्या या मुकुलनेच लिहिलेला. आता पाहुण्यांसाठी नवा लिहीत बसेल तो मुकुल कसला? त्याने प्रोग्रॅममधल्या ‘शेतकरी’ या क्लासच्या, म्हणजे तयार साच्याच्या, पोटी ‘पाहुणा’ नावाचा क्लास काढला. बापाच्या क्लासात जे असतं, ते लेकराच्या क्लासाला न मागता मिळतं. मुकुलने मिलमध्ये बसून फक्त लग्नाचा मजकूर घातला, बटण दाबलं आणि चहाला गेला.

साडेचारशे जणांना निमंत्रण पोचलं. ‘लग्नास अगत्य येणे.’ खाली बापाकडून आलेलं सगळं जसंच्या तसं: ‘आपला टोकन नंबर अमुक. नंबर आल्याशिवाय गाडी आत घेऊ नये. माल वाळवून आणावा.’

तासाभरात फोन सुरू झाले. एका मावशीने तर दहाच्या आतला नंबर मागितला. दुपारी धर्माबादहून थेट मिलवर जीपच आली. नवरदेवाची आई केवळाबाई पुढे, वडील श्रीमंतराव मागे.

“काय हो इवाई, माझ्या नणंदेला सात नंबर आन् मला दोनशे चौदा? वरमाय हाय मी! ह्योच मान का आमचा? मोडा हे लगीन!”

शेषेरावांनी मुकुलला पुढे ढकललं.

“काकू, चूक माझी हाय,” मुकुल चाचरत म्हणाला. “लेकराच्या क्लासात बापाचं समदं येतंच. नको ते आपण बदलायचं असतं. मी टोकन बदलायचं इसरलो.”

“समदं येतं?”

“हाव. समदं.”

तेवढ्यात आतून मनस्विनी आली. लग्न मोडायच्या भीतीने तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र मिलभर ऐकू गेला. “मुकुल! धाडायच्या आधी एकदा वाचता येत न्हाई? बस हितं! समद्यांना माफीचा मेसेज टाक. तवर उठायचं न्हाई, चहा न्हाई, पाणी न्हाई!” आणि तिने टेबलावर अशी थाप मारली की वजनं उडाली. मिलमधले हमाल जागच्या जागी उभे राहिले. रोज शेषेराव ओरडले की ते असेच उभे राहत.

केवळाबाईंनी आधी पोरीकडे पाहिलं, मग बापाकडे.

“पाह्यलं का?” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “हिच्यात बापाचं समदं आलंय. आपल्या वरदचं कसं व्हायचं?”

धर्माबादपासून एक शब्द न बोललेले श्रीमंतराव हळूच म्हणाले, “व्हईल की नीट. वरद माझ्यावर गेलाय.”

केवळाबाईंनी नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

“मग तारीख तीच ठिवा,” त्या म्हणाल्या.

श्रीमंतरावांनी मान डोलावली. तेहतीस वर्षांची सवय होती.