डबीतला खडा

थोरल्या बाईंनी उभ्या जन्मात दोरा कधी कात्रीने तोडला नाही! शिवणाच्या दुकानात मशिनं दोन, कात्र्या चार. पण दोरा तुटायचा तो बाईंच्या दातांनी, कट्! "पासष्टी उलटली, पण बत्तीसच्या बत्तीस माझे आहेत!" हे माप द्यायला आलेल्या प्रत्येकीला ऐकावंच लागे. सकाळी जबडा आखडलेला असायचा, कानशिलं ठणकायची, ती गोष्ट वेगळी. त्याचं खापर बाई उशीवर फोडायच्या. आणि उशी भरली होती सुनेने!

एका दुपारी जेवताना त्यांच्या तोंडात कडकन आवाज झाला. बाईंनी जिभेवरून एक पांढरा तुकडा काढला.

"खडा! भातात खडा!"

"आई, दोनदा निवडलेत मी तांदूळ."

"मग हा काय आभाळातून पडला?"

सुनेने ताक वाढलं. तिथेच मिटलं असतं. पण बाईंनी तो खडा धुतला, पुसला आणि बटणांच्या डबीत ठेवला. मग काय विचारता! कोणी झगा शिवायला येवो, कोणी पडद्याला झालर लावायला, आधी डबी उघडायची. "बघा, आमच्या सूनबाईंचा स्वयंपाक!" आठवड्यात अकरा बायकांनी खड्याचं दर्शन घेतलं. अकरावी बघत असतानाच सुनेने मशिनीवरची झालर अर्धी सोडली, पिशवी भरली आणि माहेरचा रस्ता धरला.

"जाऊ दे!" बाई म्हणाल्या. पण समोरच्या मशिनीचा आवाज बंद झाल्यावर दुकान खायला उठलं. चौथ्या दिवशी गालही फुगला. मुलाने ओढतच दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं. बाईंनी जाताना पुरावा घेतला होता. डबी टेबलावर आपटली.

"लिहून द्या! ह्या खड्याने माझा दात दुखावला!"

डॉक्टरणीने खडा दिव्याखाली धरला. "आजी, हा खडा नाही. हा तुमच्याच दाढेचा तुकडा आहे."

'आजी कुणाला म्हणता!' असं विचारायला बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने आत आरसा घातला.

"दाढा घासून सपाट झाल्यात. गालाला आतून दातांचे वण आहेत. तुम्ही झोपेत दात आवळता. सकाळी जबडा दुखतो ना?"

"उशीमुळे!"

"उशी दात खात नाही, आजी."

बाई मुलाकडे वळल्या. "मी दात खाते? कधी ऐकलंस तू?"

मुलगा छताकडे बघायला लागला. "रोज ऐकतो, आई. भिंतीपलीकडे करकर चालते. मी सांगणार होतो. पण ही म्हणाली, राहू दे, आईंना दातांचा फार अभिमान आहे, मनाला लागेल त्यांच्या."

तोंडात कापूस धरूनच बाईंनी तो तुकडा डबीत टाकला आणि झाकण घट्ट लावलं.

डॉक्टरणीने तुटक्या दाढेवर उपचार केले आणि झोपताना दातांवर चढवायचं कवच करून दिलं. जबडा गरम फडक्याने शेकायला सांगितला. "दिवसाही लक्ष ठेवा. ओठ मिटलेले, दात सुटे! आणि दोरा कात्रीने!"

सुनेच्या माहेरचे तीन जिने बाई चढल्या. "चुकलं माझं" हे दोन शब्द चौथ्या जिन्यासारखे जड गेले.

"मला नका सांगू, आई," सून म्हणाली. "त्या अकरा जणींना सांगा."

तीच डबी घेऊन बाई दारोदार फिरल्या. "खडा नव्हता हो. दात होता. माझा." दहा जणींनी तोंडाला पदर लावून "अगंबाई!" केलं. अकरावी, ती झालरवाली, मात्र उसासली.

"तो दात आहे हे आम्हाला बघताक्षणीच कळलं होतं, बाई. सगळ्याच जणींना."

"मग बोललात का नाही?"

"तुमच्या तोंडाला कोण लागणार?"

सून परत आली. मशिनीवर बसायच्या आधी तिने एक कात्री मुकाट्याने बाईंच्या पुढ्यात ठेवली. बाईंनी दोरा कात्रीने तोडला. दात सुटे ठेवायला त्या आठ दिवसांत शिकल्या. ओठ मिटायचं तेवढं अजून जमायचं आहे!