पालीचा भंडारा आणि अकरा जर्स्या

सलग नववा सामना हरून कृष्णात फौजी घरी आला, तेव्हा त्याने पायातल्या चपला काढल्या नाहीत, भिरकावल्या. एक उंबऱ्याशी पडली आणि दुसरी थेट कोंबड्यांच्या डालग्यावर. आत भाकरी थापणाऱ्या विजयमालाने त्या आवाजावरूनच निकाल ओळखला.

“किती? तीन?”

“चार.”

“मग आज जेवणार न्हाईसा.”

“न्हाई.”

“बरं झालं. पिठलं थोडंच हाय.”

कृष्णातने जर्स्यांचं गाठोडं मोरीत टाकलं आणि तो ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसला. सैन्यात सोळा वर्षं काढलेला, बटालियनच्या संघात डाव्या बाजूने खेळलेला गडी. निवृत्त होऊन बेलदरवाडीला परतला, तेव्हा ट्रंकेत युनिफॉर्मच्या वर फुटबॉल ठेवलेला होता. गावच्या गायरानातले दगड त्याने स्वतः वेचले, दोन्ही टोकांना बांबूचे गोल उभे केले आणि ‘जय मल्हार’ संघ काढला. त्याला आता वीस वर्षं झाली होती. पूर्वी संघ अधूनमधून जिंकायचाही. या वर्षी मात्र सातारा-सांगली लीगमध्ये नऊ सामन्यांत सत्तावीस गोल खाल्ले आणि तीन केले. त्या तिनातला एक समोरच्या संघाच्या पोराने चुकून आपल्याच जाळ्यात मारलेला होता.

कृष्णातने सगळे उपाय करून पाहिले होते. ओरडून घसा बसवून घेतला. शिव्या दिल्या, मग देवाशप्पथ शिव्या सोडल्या. सहाव्या पराभवानंतर ‘आता मैदानाचं तोंड बघणार नाही’ असं चावडीवर जाहीर केलं आणि सातवा सामना शेजारच्या उसात लपून पाहिला. तिथेही तो पाचव्या मिनिटाला “अरं पास दे की गाढवा!” असं ओरडला आणि सगळ्या गावाला सापडला.

भिंतीकडे बघत तो बसला असतानाच तरुण मंडळाचा अध्यक्ष विश्वजीत आला. त्याचा चेहरा बघूनच कृष्णात सावरून बसला.

“काका, वाईट वाटून घिऊ नका,” विश्वजीत म्हणाला. “मंडळानं ठराव केलाय. रविवारी आटपाडीसंगं शेवटची मॅच. ती बी हारली तर फुटबॉल बंद. गायरानात क्रिकेटचं पीच टाकायचं.”

“आणि गोलाचे खांब?”

“काढायचे की. न्हाईतर फिल्डिंगला मधी येत्यात.”

आटपाडीचा ‘वज्र’ संघ लीगमध्ये पहिला होता. त्यांचे प्रशिक्षक जयराज सर गॉगल लावून फिरत आणि तीन-तीन शहरांतले तयार खेळाडू गोळा करून आणत. अशांना हरवायचं तर ते माणसाच्या हातचं काम नव्हतं. तेव्हा कृष्णातने देवाकडे जायचं ठरवलं.

विजयमालाने दुसऱ्या दिवशी जर्स्या धुऊन पांढऱ्याशुभ्र घड्या घातल्या. शुक्रवारी सकाळी ती बचत गटाच्या बैठकीला निघत असताना कृष्णातने हळूच गाठोडं उचललं.

“कुठं निगालासा?”

“रमजान टेलरकडं. उसवल्यात एक-दोन.”

“परवाच शिवल्यात त्यानं.”

“परत उसवल्यात,” असं म्हणून कृष्णातने मोटारसायकलला किक मारली आणि रमजानच्या दुकानावरून सरळ पुढे जाऊन पालीचा खंडोबा गाठला.

त्याचा विचार साधा होता. जर्सीला चिमूट-चिमूट भंडारा लावायचा, देवाला साकडं घालायचं आणि निघायचं. त्यासाठी त्याने देवळापुढच्या दगडी पायरीवर अकराच्या अकरा जर्स्या ओळीने पसरल्या. नेमकं त्याच वेळी एक नवं जोडपं पाया पडायला आलं. बरोबर टेम्पोभर वऱ्हाड, आणि प्रत्येकाच्या हातात सांगलीच्या बाजारातल्या अस्सल हळदीच्या भंडाऱ्याची पिशवी.

“येळकोट येळकोट जय मल्हार!”

भंडारा उधळला तो असा की, घटकाभर समोरचा माणूस दिसेना. नवरदेवाच्या मामाने तर अख्खी पिशवीच हवेत उपडी केली. स्वतःच्या संघाचं नाव एवढ्या गळ्यांतून एकदम ऐकून कृष्णातचे डोळे भरून आले. त्यानेही हात वर करून आरोळी ठोकली. धुरळा खाली बसला तेव्हा जर्स्या पिवळ्याधमक झाल्या होत्या. वरून कुणीतरी पाण्याचा तांब्या कलंडून तो रंग पक्का करून दिला होता. देवाने भरभरून दिलं, असं समजून कृष्णात आनंदाने परत निघाला.

वाटेत चहाला थांबला असताना संघाचा कप्तान साईराज याचा फोन आला.

“काका, रेफ्री अफताब सरांचा फोन आल्ता. दोन्ही टीमचे रंग येगळे पायजेत म्हणं. सारखे असतील तर यजमान टीम बाद. मी सांगून टाकलं, आपली पांढरी हाय आणि आटपाडीची पिवळी, काय अडचण न्हाई. बरोबर सांगितलं न्हवं?”

कृष्णातने मोटारसायकलवरच्या पिवळ्या गाठोड्याकडे पाहिलं.

“पांढरी,” तो म्हणाला. “व्हय. पांढरीच.”

घरी आला तेव्हा विजयमाला अजून परतली नव्हती. कृष्णातने मोरीचं दार लावून घेतलं. हळदीचे डाग साबणाने निघतील की नाही, याबद्दल त्याला शंका होती. म्हणून त्याने साबणाच्या पावडरीबरोबर धुण्याच्या सोड्याचा अर्धा डबा बादलीत ओतला, जर्स्या त्यात बुडवल्या आणि फौजी ताकदीने चोळायला सुरुवात केली. दुसऱ्याच क्षणी बादलीतलं पाणी लालभडक झालं. त्याने एक जर्सी वर उचलली. तीही लाल. दुसरी, तिसरी, सगळ्याच लाल. सीमेवर न घाबरलेला माणूस मोरीत किंचाळला.

विजयमाला नेमकी तेव्हाच दारात आली. तिने बादलीत पाहिलं, नवऱ्याच्या कानामागे साठलेल्या भंडाऱ्याकडे पाहिलं आणि काय ते समजली.

“रमजान टेलर पालीला राह्याय गेला काय?”

कृष्णातने मान खाली घालून सगळं सांगितलं. ठराव, खांब, नवस, मामाची पिशवी, सगळं. शेवटी तो म्हणाला, “इजे, माझ्यापायी टीम खेळायच्या आधीच बाद हुतीया बघ. वीस वर्सं पोरं उभी केली, आन् आता पोरांना काय तोंड दावू?”

विजयमाला पुढे होऊन उकिडवी बसली. बावीस वर्षांच्या संसारात फुटबॉलबद्दल तिने एवढाच अभ्यास केला होता की, हरल्यावर चिखल जास्त असतो.

“हळदीला सोडा लावलासा, ती लाल हुणारच. कुंकू कशाचं करत्यात? आता ह्या पिळा, खंगाळू नका. न्हाईतरी टाकी रिकामी हाय, नळाला सोमवारीच पाणी यायचं. सोडा आत ऱ्हायला की रंग बी ऱ्हातूय.”

“लालच?”

“पिवळ्यापरास लाल बरी न्हवं?”

रविवारी जर्स्या बघून पोरं हबकली. साईराज म्हणाला, “काका, ह्यो काय अवतार?” कृष्णातने छाती पुढे काढून ‘नवीन सीझनचा नवीन रंग’ असं सांगितलं, सीझनचा शेवटचाच सामना आहे, हे कुणी बोललं नाही. रेफ्री अफताब सरांनी एकदा लाल ओळीकडे पाहिलं, एकदा पिवळ्या ओळीकडे पाहिलं आणि वहीत सही केली. कृष्णातने दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

सामना सुरू झाला आणि एक नवीनच अडचण उभी राहिली. कपड्यात राहिलेला सोडा अंगाला खाजायला लागला. पोरं एका जागी उभी राहिली की पाठ, काखा, मान सगळीकडून आग. पळत राहिलं तर वारा लागून जरा बरं वाटे. म्हणून अकराही जण पळत राहिले. नऊ सामन्यांत मिळून जेवढं धावले नसतील, तेवढं ते त्या पाऊण तासात धावले. मागच्या फळीतला जाडजूड नाथाजी तर चेंडू दुसऱ्या टोकाला असतानाही नुसत्याच फेऱ्या मारत होता.

“फौजी, पोरांना काय खायला घातलं?” विश्वजीतने विचारलं.

“ट्रेनिंग,” कृष्णात म्हणाला.

तरीही आटपाडीने एक गोल केलाच. मध्यंतराला शून्य-एक. बेलदरवाडीच्या मानाने हा फारच चांगला निकाल होता. पण ठराव मानाकडे बघून केलेला नव्हता. कृष्णात डोकं धरून बांधावर बसला. तेवढ्यात डोक्यावर पितळी कळशी घेऊन विजयमाला मैदानात येताना दिसली. लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदाच तिथे येत होती.

“तू? हितं?”

“ऊन बघा की. पोरं करपतील. लिंबाचं सरबत आणलंय.”

तांब्या एकच होता. पोरांनी तो तोंड न लावता, गावच्या रिवाजाप्रमाणे वरून धार धरून रिकामा केला. तहान मोठी, घाई त्याहून मोठी. अर्धं सरबत पोटात गेलं आणि अर्धं छातीवर. खाज सुटलेल्या नाथाजीने तर “गार वाटतंय लय!” म्हणत उरलेला तांब्या मानेवरून आत सोडला. ते बघून बाकीच्यांनीही तेच केलं.

उत्तरार्धाच्या पाचव्या मिनिटाला कृष्णातला साईराजच्या छातीवर पिवळा डाग दिसला. त्याने डोळे चोळले. दहाव्या मिनिटाला डाग पोटापर्यंत उतरला होता. नाथाजी तर मानेपासून कमरेपर्यंत पिवळा झाला होता. उरलेलं काम घामाने केलं आणि पंधराव्या मिनिटाला मैदानावर बावीस पिवळी पोरं पळत होती.

पहिला घोटाळा आटपाडीच्या बचावपटूने केला. त्याने मान वर करून समोर पिवळी जर्सी पाहिली आणि चेंडू मऊसूत तिच्या पायात दिला. ती जर्सी साईराजची होती. साईराजलाही क्षणभर काही समजलं नाही, पण आलेला चेंडू सोडायचा नसतो, हे फौजीने त्याला सहाव्या वर्षीच शिकवलं होतं. एक-एक.

बेलदरवाडीने असा आवाज काढला की गायरानातली म्हसरं उधळली. जयराज सर गॉगल काढून मैदानात धावले.

“सर, ह्यांनी जर्सी बदलली!”

“कवा बदलली?” अफताब सर म्हणाले. “मी हितंच हाय. कुणी कापडं काढली न्हाईत.”

“मग रंग कसा बदलला?”

अफताब सरांनी साईराजची जर्सी चिमटीत धरून पाहिली, हुंगून पाहिली आणि त्यांना लिंबाचा वास आला. नियमांची वही त्यांनी पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. “सामन्याच्या सुरुवातीला रंग येगळे होते, त्यावर मी सही केलीय. घामानं रंग बदलू नये असं हितं कुठं लिवलेलं न्हाई. दुसऱ्या जर्स्या हायत कुणाकडं?” कुणाकडेच नव्हत्या. “मग वळखून खेळा.”

इथेच सगळी मेख होती. आटपाडीची पोरं तीन शहरांतून आणलेली. ती एकमेकांना ओळखत ती फक्त जर्सीवरून. बेलदरवाडीची पोरं एकाच शाळेतली आणि एकाच विहिरीत पोहलेली. नाथाजी कसा फेंगडा पळतो, साईराज पास मागताना कसा एक खांदा उडवतो, हे त्यांना पाठ होतं. रंग गेला काय आणि राहिला काय, त्यांचं काहीच अडलं नाही. आटपाडीचे दोन गडी मात्र एकमेकांना अडवत कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथे एकमेकांवर पडले.

शेवटची तीन मिनिटं राहिली. कृष्णात बांध सोडून रेषेपर्यंत आला होता. साईराजने डावीकडून चेंडू काढला, खांदा उडवला, आणि तो खांदा ओळखून नाथाजी आपली जागा सोडून फेंगड्या पायांनी पळत सुटला. वीस वर्षांत त्या जाडजूड घराण्यातल्या कुणी गोल केला नव्हता. चेंडू त्याच्या गुडघ्याला लागला की पोटाला, यावर गावात अजून वाद आहे. पण तो जाळ्यात गेला, यावर वाद नाही.

दोन-एक! शिट्टी झाली आणि कृष्णात मटकन खाली बसून लहान पोरासारखा रडला. मग त्याला कुणी बसू दिलं नाही. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, हलगीवाला आला, आणि विश्वजीतने ठरावाचा कागद सगळ्यांसमोर टराटरा फाडला. “फौजीकाका, पुढल्या सालापासनं खांब लोखंडाचे!” असंही त्याने जाहीर केलं. मिरवणूक गावातून दोनदा फिरली.

दिवेलागणीला कृष्णात जेवायला बसला आणि पाच भाकरी खाऊन थांबला. मग त्याला काहीतरी आठवलं.

“इजे, लिंबानं हळद परत पिवळी हुतीया, हे तुला ठावं हुतं?”

“माझ्या माह्यारी चार पिढ्या हळद शिजत्यात. मला ठावं नसंल तर कुणाला?”

“म्हंजी तू मुद्दाम…”

“म्या उन्हाचं सरबत दिलं. अंगावर वता म्हणून सांगितलं काय कुणाला?” विजयमालाने शांतपणे त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली. “पर एक इचारू? ती आटपाडीची पोरं त्या नाथाजीला एकटं का सोडत हुती? त्यो मोकळा हाय, हे मला बांधावरनं दिसत हुतं.”

बावीस वर्षांत पहिल्यांदाच या घरात त्याच्याशिवाय दुसरं कुणी फुटबॉलबद्दल बोलत होतं. त्याने ताट बाजूला सारलं, मीठ आणि लसणाच्या पाकळ्या मांडून तिला सगळी फळी समजावून सांगितली. तिने दोन पाकळ्या उचलून पुढे सरकवल्या आणि त्या तिथे जास्त शोभल्या, हे त्याला मान्य करावं लागलं.

“पुढल्या साली पैली मॅच कुणासंगं?” तिने विचारलं.

“मिरजेसंगं.”

“त्यांची जर्सी कंच्या रंगाची?”

“निळी.”

विजयमालाने जरा विचार केला आणि ताट उचलता उचलता म्हणाली, “कपड्याला घालायची नीळ सपलीया घरातली. मंगळवारच्या बाजारात चार बाटल्या आणा.”