सौरकंदिलाची आदर्श निगा

कोणत्याही वस्तूचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तिचा वापर. जगाला हे अजून नीट उमगलेलं नाही. बंगळूरजवळच्या बेळ्ळंदूरच्या आमच्या सूर्यसंचय महिला बचत मंडळाला मात्र ते पहिल्याच वर्षी उमगलं होतं. मंडळ महिलांचं असल्यामुळे चिटणीस अर्थातच मी, शरच्चंद्र निपाणीकर. (बायकांना उगाच त्रास नको.)

योजना अशी होती. बंगळूरच्या एका पतसंस्थेनं प्रत्येक सभासद बाईला लहानसं कर्ज द्यायचं, त्यातून तिनं सौरकंदील घेऊन रॉकेल बंद करायचं आणि सगळ्यांनी मिळून गावचं तळं राखायचं, म्हणजे त्यात कुणाला राडारोडा टाकू द्यायचा नाही. कर्ज, ऊन आणि पाणी यांची एकाच बैठकीत सोय लावणारी इतकी थोर योजना मी उभ्या जन्मात पाहिली नाही. बैठकीला उपीटही असे.

कंदील आले. अध्यक्षा आसावरीबाईंनी आपल्या कंदिलाला हळदकुंकू वाहिलं, त्याच्या काचेच्या पॅनेलवर क्रोशाचा रुमाल घातला आणि दोन्ही वस्तू शोकेसमध्ये, चांगल्या कपबश्यांशेजारी ठेवल्या. "पाहुणे आले की लावू," त्या म्हणाल्या. जमनाबाईंनी तर पॅनेल उन्हात ठेवायला साफ नकार दिला. "उन्हानं रंग उडतो हो अण्णा!" असं मला बजावून त्यांनी ते गादीखाली सरकवलं. महिनाभरात नव्वद टक्के कंदिलांवर रुमाल आले. (उरलेले, एक सोडला तर, पिशवीतून बाहेरच आले नव्हते.) रॉकेलच्या चिमण्या घरोघरी पूर्वीसारख्याच जळत राहिल्या, पण त्यांच्या उजेडात शोकेसमधला कंदील काय सुरेख दिसायचा, वा!

तळ्याचं रक्षणही जोरात होतं. दर रविवारी सकाळी सगळ्याजणी काठावर उभ्या राहून प्रतिज्ञा म्हणत. राडारोड्याचे टिपर यायचे संध्याकाळी, त्यामुळे कधी भांडणाचा प्रसंग आला नाही.

अशा या मंडळाला गालबोट लावलं ते एकट्या तानूबाईनं. तळ्याच्या बांधावर तिची मिरचीभज्यांची गाडी. ही बाई पॅनेल दिवसभर सरळ उन्हात टाकी आणि संध्याकाळी कंदील गाडीला टांगून भजी तळत बसे. रॉकेलचा खर्च वाचला, गिऱ्हाईक वाढलं, हप्ताही ती वेळेवर भरू लागली. त्यात त्या उजेडात टिपर लांबूनच दिसत. धूळ तेलात पडते म्हणून ती कन्नड, मराठी आणि तमिळ अशा तीन भाषांत ड्रायव्हरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. शेवटी टिपर तिकडे फिरकेनासे झाले. प्रतिज्ञा मात्र तिनं एकदाही म्हटली नाही. रविवारी सकाळी म्हणे बेसन दळून आणायचं असतं!

मग पतसंस्थेचे हयवदन साहेब तपासणीला आले. धारवाडचे, त्यामुळे मराठी चांगलं बोलत. घरोघरचे कंदील पाहून ते हरखून गेले. एकाही काचेवर ओरखडा नाही! शेवटी तानूबाईची गाडी. कंदील तळणाच्या धुरानं काळवंडलेला, काचेला तडा आणि वर बेसनाची बोटं.

"अक्का, काय हाल केलात हो याचे?"

"रोज लावते, साहेब."

"रोज?"

"मग? न लावायला घेतलाय का?"

याला उद्धटपणा म्हणतात. पण साहेब भला माणूस. "सरी, ठीक आहे, तुमच्या मंडळालाच ठरवू द्या," एवढंच म्हणाले आणि भजी बांधून घेऊन गेले.

मंडळाची बैठक झाली. ठराव मी स्वतः लिहिला: तानूबाईचा कंदील काढून घ्यावा आणि उत्तम निगेबद्दल आसावरीबाईंना द्यावा, हप्ते मात्र तानूबाईनंच भरावेत, कारण तिला सवय आहे. तानूबाई उठून उभी राहिली. "अंधारात माझ्या गाडीवर कोण येणार हो? धंदा बसेल माझा. पोरीला शाळेतून काढायला लावू नका." एवढ्या भांडखोर बाईनं चक्क हात जोडले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तेवढ्यात उपीट आलं. ठराव एकमतानं मंजूर झाला.

गाडी आता बंद आहे. तानूबाई मारतहळ्ळीला धुणीभांडी करते, आणि पोरगीही तिच्याबरोबर जाते. तळ्यात राडारोड्याचा मोठा ढीग झालाय. येत्या पर्यावरणदिनी आम्ही त्यावर रोपं लावणार आहोत.

तुम्हाला माझा राग आलेला दिसतो. आपण तिथं असतो तर हात वर केलाच नसता, असंही मनात म्हणून झालं असेल. शाब्बास! तुमच्या सोसायटीनं गेटजवळची ती भाजीवाली उठवली, तेव्हाचा ठरावही एकमतानंच झाला होता, नाही का? बरं, तिचं नाव काय होतं हो?