रक्ताचं ड्रॉइंग

कडभाऊ माणसाची ओळख रक्तगटावरून करून देतात. "ताई, हे आपले ए पॉझिटिव्ह. बी विंगला राहतात." बी विंगचे गृहस्थ आता सरावलेत.

भाऊ चाकणजवळच्या खेड्यातले. गिअरच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. घरातल्या डब्यांनाही टॅग लावलेत. हळद सध्या 'होल्ड'वर आहे, रंगाबद्दल शंका आहे म्हणून.

सोसायटीच्या रक्तदान शिबिराची यादी माझ्याकडे असते. नाव, फ्लॅट, मोबाइल, रक्तगट. यंदा भाऊंनी ती वाचली आणि नाक मुरडलं.

"हे नुस्तं पार्टचं नाव झालं, ताई. पार्ट नंबर कुठं हाय?"

"रक्ताला कसला नंबर?"

"बोल्ट म्हणलं की भागतं व्हय? कुठला बोल्ट?"

हे लांबणार, म्हणून मी चहा टाकला. मग कळलं. त्यांच्या मुलीला, रूपालीला, थॅलेसेमिया आहे. ती हिंजवडीत नोकरी करते आणि दर तीन आठवड्यांनी रक्त चढवून घेते. मुख्य गटाखाली अनेक बारीक गट असतात. ते न जुळल्यामुळे तिचं शरीर आता रक्त नाकारू लागलं होतं. तिचे स्वतःचे बारीक गट शोधावेत, तर अंगात इतक्या जणांचं रक्त, की नेहमीच्या तपासणीत तिचं कुठलं नि दुसऱ्याचं कुठलं तेच कळेना.

"मिक्स लॉट झाला," भाऊ म्हणाले. "मापून कळंना, तवा डॉक्टरांनी मूळ ड्रॉइंगच काढलं." म्हणजे जनुकांची तपासणी. रिपोर्टची झेरॉक्स त्यांच्या खिशातच होती. "आता ह्या ड्रॉइंगचा माणूस पायजे."

"तुमचं रक्त चालत नाही?"

"गट एकच, पण नंबर न्हाई जुळत. बाप असून रिजेक्ट, ताई." ते हसले. चहा मात्र तसाच राहिला.

मी यादीत पाचवा रकाना आखला: सविस्तर तपासणीस तयार? एकोणीस जण तयार झाले. रक्तपेढीनं नमुने तपासले. एकच जुळला: सी विंगचे कांबळे, कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये काम करणारे. त्यांनी रक्त दिलं, रूपालीला ते मानवलं. पुढच्या वेळांसाठी आणखी माणसं शोधणं चालूच आहे.

पंधरा दिवसांनी कांबळे माझ्या दारात.

"ताई, कडभाऊंना आवरा. रोज डबा आणतात. लाडू, मटकी, काल तर मटण! बायको विचारते, मी उपाशी ठेवते का तुम्हाला? आणि तीन महिने तर माझं रक्त कुणी घेणारच नाही!"

सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी वर गेले. भाऊ भाकरी फडक्यात बांधत होते.

"भाऊ, बास करा. माणूस अवघडतो."

"पंचवीस वरसं झाली, ताई. किती जणांचं रक्त गेलं पोरीच्या अंगात. पिशवीवर नाव नसतंय. एकालाबी घासभर जेवू घालता आलं न्हाई." त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "ह्यो पयलाच सापडलाय."

डबा मीच कांबळ्यांकडे घेऊन गेले.